हॅलोजन बसवणारी विकरं: रचना पाहून यंत्रणा कागदावर कशी उतरवायची

ऑक्टोबर संपत आला की आमच्या इकडे हरभऱ्याच्या पेरणीची घाई सुरू होते. ताडपत्रीवर बियाणं पसरायचं, त्यावर स्युडोमोनास फ्लुरोसन्सचं द्रावण शिंपडायचं, दोन्ही हातांनी हलकं चोळायचं आणि सावलीत सुकवायचं. हे जिवाणू बुरशीला मुळाशीच अडवतात, एवढं शेतकऱ्याला पुरतं. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यानं मात्र पुढचा प्रश्न विचारायला हवा: अडवतात कशानं? या जिवाणूंचे काही वाण पायरोलनायट्रिन नावाचं बुरशीनाशक स्वतः तयार करतात. १९६४ साली जपानमध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. त्याच्या रेणूत क्लोरिनचे दोन अणू असतात. जिवाणूकडे ना क्लोरिन वायूचं सिलिंडर, ना ॲल्युमिनियम क्लोराइडची बाटली. त्याच्याकडे असतं मातीच्या ओलीत विरघळलेलं क्लोराइड, आपल्या वरणातल्या मिठात असतं तेच. क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन, फ्लोरिन या मूलद्रव्यांना हॅलोजन म्हणतात. ते उचलून कार्बनवर, आणि तेही ठरलेल्याच कार्बनवर, बसवणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) हॅलोजनेज म्हणतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी जैवरसायन शिकवते. हा धडा आला की मुलं चार विकरांच्या चार आकृत्या पाठ करतात आणि पेपरात पाचवं विकर आलं की पान कोरं राहतं. म्हणून मी वर्गात एक क्रम ठरवून दिला आहे. आधी कार्बनला काय हवंय ते पाहायचं, मग विकरानं पोटात काय धरलंय ते पाहायचं, आणि इलेक्ट्रॉनची वाट दाखवणारे बाण सगळ्यात शेवटी काढायचे. खाली तोच क्रम मांडते. सोबत लागेल एक स्मार्टफोन, थोडा नेट पॅक, कोरे कागद आणि दोन रंगांचे पेन.

पायरी पहिली: कार्बनची ओळख

तयार झालेला रेणू कागदावर काढा आणि हॅलोजन जिथं बसलाय त्या कार्बनला लाल गोल करा. आता हॅलोजन बसण्याआधी तो कार्बन कसा होता ते बाजूला काढा. ही दुसरी आकृती काढायचा कंटाळा करू नका, सगळं उत्तर तिच्यातच असतं.

कार्बन बेंझिन, इंडोल, पायरोल किंवा फिनॉलसारख्या कड्यात असेल, तर त्याच्याजवळ इलेक्ट्रॉन भरपूर आहेत. त्याला इलेक्ट्रॉनची भूक असलेला, म्हणजे धन स्वभावाचा हॅलोजन हवा. तालुक्याच्या मेडिकलमध्ये नायट्यासाठी ग्रिसिओफुल्व्हिनच्या गोळ्या मिळतात. त्यातला क्लोरिन अशाच फिनॉलच्या कड्यावर बसलेला असतो.

कार्बन साध्या साखळीच्या टोकाचा मिथिल असेल, आजूबाजूला त्याला चेतवणारं काहीच नसेल, तर त्याच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉन नाहीत आणि घ्यायला जागा नाही. तिथं आधी हायड्रोजन ओढून काढावा लागतो. हे काम मूलकांचं, म्हणजे एकेकट्या इलेक्ट्रॉनचं.

तिसरा प्रकार असा, की कार्बनवर आधीच एखादा गट बसलाय आणि तो निघून जायला तयार आहे. तिथं हॅलाइड आयन, म्हणजे ऋणभारित हॅलोजन, जसा आहे तसाच मागून येऊन बसू शकतो. याला ऑक्सिडीकरण लागत नाही.

इथं एक फसवी जागा आहे आणि दरवर्षी निम्मा वर्ग तिथं अडकतो. डोळ्यात घालायच्या कॅपसूलमध्ये जे क्लोरॅम्फेनिकॉल असतं, त्याच्या टोकाला डायक्लोरोॲसिटिल गट आहे. तयार रेणू पाहिला तर क्लोरिन साध्या साखळीच्या कार्बनवर दिसतो आणि मुलं लगेच मूलकांची यंत्रणा लिहितात. पण तो कार्बन कार्बोनिलच्या शेजारचा आहे. इनोल रूपात गेला, म्हणजे त्याचा एक हायड्रोजन कार्बोनिलच्या ऑक्सिजनवर जाऊन दुहेरी बंध त्याच्याकडे आला, की तोही इलेक्ट्रॉननी भरलेला असतो. त्या क्लोरिनेशनचं विकर सीएमएलएस हे फ्लेविन या इलेक्ट्रॉन देणाऱ्या-घेणाऱ्या मदतनीस रेणूवर चालणारं आहे, लोहावर चालणारं नाही. दुसरी आकृती काढा असं मी म्हणते ते यासाठीच.

पायरी दुसरी: हॅलाइडची स्थिती

क्लोराइड आयनचं बाहेरचं कवच आठ इलेक्ट्रॉननी पूर्ण असतं आणि भोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं. त्याला धन स्वभावाचा करायचा तर त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात. ते घेण्याची ताकद पेशीला दोन ठिकाणांहून मिळते: हवेतला ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड.

आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन काढणं सगळ्यात सोपं, ब्रोमाइडकडून त्याहून अवघड, क्लोराइडकडून आणखी अवघड. फ्लोराइडकडून ते कुठलंच विकर काढू शकत नाही. पेरॉक्सिडेज विकरांची नावं यावरूनच पडली आहेत. क्लोरोपेरॉक्सिडेज तिघांनाही हाताळतं, ब्रोमोपेरॉक्सिडेजला ब्रोमाइड आणि आयोडाइड जमतात, आयोडोपेरॉक्सिडेजला फक्त आयोडाइड. नावात ज्या हॅलोजनचा उल्लेख, तो त्या विकराला झेपणारा सगळ्यात अवघड हॅलोजन. एवढं कळलं की हा भाग पाठ करावा लागत नाही.

पायरी तिसरी: विकराच्या पोटात डोकावणं

फोनवर प्रोटीन डेटा बँकेचं, म्हणजे प्रथिनांच्या त्रिमिती रचनांच्या संग्रहाचं पान उघडा. शोधाच्या चौकटीत चार अक्षरी क्रमांक टाकायचा असतो. मी सांगते ते क्रमांक इंग्रजी अंक-अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाका. फ्लेविनवाल्या पीआरएनए विकरासाठी २-ए-क्यू-जे, लोहवाल्या एसवायआरबी२ साठी २-एफ-सी-टी, फ्लोरिनेजसाठी १-आर-क्यू-पी, हीमवाल्या क्लोरोपेरॉक्सिडेजसाठी १-सी-पी-ओ आणि व्हॅनेडियमवाल्यासाठी १-व्ही-एन-सी. त्रिमिती चित्र उघडलं की फितीसारख्या सगळ्या वळणांकडे तूर्त दुर्लक्ष करा. पानावर लहान रेणूंची यादी असते, ती आधी वाचा. एफएडी (फ्लेविन असलेला मदतनीस रेणू) दिसलं तर फ्लेविनचं घर. मध्ये लोह धरलेलं पोर्फिरिनचं कडं दिसलं तर हीम. व्हॅनेडेट दिसलं तर व्हॅनेडियम. लोहाचा अणू आणि त्याला चिकटून अल्फा-कीटोग्लुटारेट दिसलं तर मूलकांचं घर. यातलं काहीच नसून एस-ॲडिनोसिल मिथिओनिन असेल, तर तिथं हॅलाइड थेट हल्ला करतो.

गावात रेंज दगा देते. कॉलेजात किंवा बसस्टँडवर नेट चांगलं असताना पाचही चित्रांचे दोन-दोन स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. एकात पूर्ण विकर, दुसऱ्यात फक्त सक्रिय जागा.

पायरी चौथी: फ्लेविनचं घर

इथं थांबू या. संपूर्ण विषयात मला सगळ्यात देखणी वाटणारी रचना हीच, आणि ती कळली की बाकीची घरं उघडायला वेळ लागत नाही.

पीआरएनए हे विकर ट्रिप्टोफॅनच्या सातव्या कार्बनवर क्लोरिन बसवतं. पायरोलनायट्रिनच्या दोन क्लोरिनपैकी पहिला तो हा. दुसरा पुढं पीआरएनसी नावाचं वेगळं विकर पायरोलच्या कड्यावर बसवतं. पीआरएनएची रचना २००५ मध्ये उलगडली. त्याचे दोन भाग दिसतात. एक पेटीसारखा, ज्यात एफएडी बसतं. दुसरा वळ्यांनी बनलेला पिरॅमिडसारखा, ज्यात ट्रिप्टोफॅन बसतं. चित्रात अंतर मोजायचं साधन वापरा. फ्लेविनच्या तीन कड्यांपासून ट्रिप्टोफॅनच्या सातव्या कार्बनपर्यंत साधारण दहा अँगस्ट्रॉम अंतर येतं. एवढ्या लांबून एका रेणूनं दुसऱ्याला थेट काही देणं शक्यच नाही. दोघांच्या मध्ये एक बोगदा आहे, आणि त्या बोगद्याच्या ट्रिप्टोफॅनकडच्या टोकाला ७९ क्रमांकाचं, म्हणजे विकराच्या साखळीतलं ७९ वं अमिनो आम्ल, लायसिन आहे. ते बोट ठेवून शोधा, त्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता बाण काढायचे. एफएडीएच२, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतलेलं एफएडी, ऑक्सिजनशी जोडलं जातं आणि फ्लेविनच्या सी-४ए या कार्बनवर पेरॉक्साइडची शेपटी तयार होते. मोनोऑक्सिजनेज विकरांत नेमकं इथंच सबस्ट्रेट (विकर ज्याच्यावर काम करतं तो रेणू) जवळ येतं आणि शेपटीच्या टोकाचा ऑक्सिजन उचलून हायड्रॉक्सिल मिळवतं. हॅलोजनेजमध्ये सबस्ट्रेट जवळ येऊच शकत नाही. वाटेत दोन ट्रिप्टोफॅन असलेला एक ठरलेला क्रम आडवा येतो. तिथं पोहोचतं ते क्लोराइड. ते शेपटीच्या टोकाच्या ऑक्सिजनवर हल्ला करतं, पेरॉक्साइडचा बंध तुटतो आणि हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. फ्लेविनवर हायड्रॉक्सिल उरतो, तो पाणी होऊन निघतो आणि एफएडी परत मिळतं.

हायपोक्लोरस आम्ल आपल्याला नवीन नाही. पावसाळा लागला की गावच्या विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकतात, तेव्हा पाण्यात तेच तयार होतं आणि जंतू मारतं. जलसुरक्षक ओटी टेस्ट घेऊन पिवळा रंग बघतो, तो उरलेल्या क्लोरिनचा. विहिरीत हे आम्ल ज्याला भेटेल त्याला लागतं. ट्रिप्टोफॅनवर मोकळं ओतलं तर इंडोलच्या सगळ्यात चपळ जागी, पायरोलच्या बाजूला, आधी हल्ला होईल. सातवा कार्बन रांगेत बराच मागं आहे. मग विकर त्यालाच कसं गाठतं?

संत्र्याच्या बागेचं उदाहरण मी वर्गात देते, कारण मुलांनी दोन्ही पाहिलेलं असतं. मोकाट पाणी सोडलं तर ते उताराला धावतं आणि तणालाही मिळतं. ठिबकची नळी लावली तर ड्रिपर जिथं, पाणी तिथंच. पीआरएनएचा बोगदा ही ठिबकची नळी आहे. हायपोक्लोरस आम्ल त्यातून सरकतं, लायसिन त्याला टोकाशी धरतं, आणि त्या टोकासमोर ट्रिप्टोफॅनचा सातवाच कार्बन येईल अशा रीतीनं इंडोलचं कडं सपाट बाजूंच्या अमिनो आम्लांमध्ये चापून बसवलेलं असतं. बाकीचे चपळ कार्बन भिंतीकडे तोंड करून असतात. सातव्या कार्बननं क्लोरिन घेतला की कडं क्षणभर धनभारित होतं. जवळचं ३४६ क्रमांकाचं ग्लुटामेट त्याला सावरतं, प्रोटॉन निघून जातो आणि कडं पुन्हा सुगंधी होतं.

याचा पुरावा म्हणून तीन उत्परिवर्तनं लक्षात ठेवा. लायसिन ७९ च्या जागी ॲलनिन टाकलं की काम बंद. ग्लुटामेट ३४६ च्या जागी ग्लुटामिन टाकलं की वेग फार घसरतो. आणि कड्याला चापून धरणाऱ्या फिनाइलॲलनिन १०३ च्या जागी लहानसं ॲलनिन टाकलं, तर ट्रिप्टोफॅन थोडं सरकतं आणि काही क्लोरिन पाचव्या कार्बनवर जाऊन बसतो. ड्रिपर तोच, रोप हललं.

लायसिन नेमकं काय करतं यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. एक मत असं, की लायसिनचा नायट्रोजन स्वतःच क्लोरिन घेतो, क्लोरामाइन होतो आणि मग तो पुढं देतो. आरईबीएच या भावंड विकरावर २००७ मध्ये झालेल्या कामात असा टिकाऊ मध्यस्थ दिसला होता; २५ अंश सेल्सिअसला त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा संपायला लागणारा वेळ, २८ तासांच्या आसपास निघाला. दुसरं मत असं, की लायसिन हायड्रोजन बंधानं हायपोक्लोरस आम्लाला फक्त धरून ठेवतं आणि त्याचा क्लोरिन अधिक भुकेला करतं. उत्तरात एक मार्ग पूर्ण काढा आणि दुसरा एका ओळीत नोंदवा. जे कुणी लिहीत नाहीत ते म्हणजे सुटा धन क्लोरिन आयन. तो पाण्यात असा मोकळा फिरत नाही, त्यामुळे बाणाच्या सुरुवातीला तो एकटा काढलेला दिसला की माझा लाल पेन तिथंच थांबतो.

आणखी एक गोष्ट मुलं विसरतात: एफएडीएच२ आलं कुठून? हे विकर ते स्वतः तयार करत नाही. शेजारी फ्लेविन रिडक्टेज नावाचं वेगळं विकर लागतं, ते एनएडीएच वापरून एफएडीला इलेक्ट्रॉन देतं. हे नातं उशिरा कळल्यामुळे संशोधनाला अनेक वर्षं वळसा पडला. मोनोक्लोरोडायमेडोन नावाच्या सहज क्लोरिन घेणाऱ्या पदार्थावर चाचणी करून विकरं शोधली जात. त्या चाचणीत पेरॉक्साइड घालत, म्हणून पेरॉक्सिडेजच सापडत राहिली. कार्बन निवडणारी खरी विकरं हाती लागली ती जनुकांच्या मागानं, १९९० च्या दशकात. चाचणी जे विचारते तेवढंच उत्तर देते, हे प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखं आहे.

हात घालून पाहायचा प्रयोग

विकर विकत आणणं आपल्या कॉलेजला परवडत नाही. पण नायट्रोजनवर बसलेला क्लोरिन पुढं कसा काम करतो, हे कपाटातल्या क्लोरामाइन-टी वर दाखवता येतं. त्याच्या रेणूत नायट्रोजन-क्लोरिन बंधच आहे.

फिनॉल रेडचे २१ मिलिग्रॅम थेंबभर सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून १०० मिलिलिटर करा. क्लोरामाइन-टी ०.५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात घ्या. हे द्रावण ताजंच हवं. ॲसिटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट सारख्या मोलर प्रमाणात घेऊन बफर करा, सामू पावणेपाचच्या आसपास येतो. दोन चंबू घ्या. एकात ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात लिटरला दीड मिलिग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड असलेलं तेवढंच पाणी. यात ब्रोमाइड लिटरला सुमारे एक मिलिग्रॅम येतं. दोन्हींत बफर २ मिलिलिटर आणि फिनॉल रेड २ मिलिलिटर घाला, मग क्लोरामाइन-टी अर्धा मिलिलिटर घालून लगेच हलवा. वीस मिनिटं थांबा. नंतर सोडियम थायोसल्फेटचं द्रावण अर्धा मिलिलिटर घालून क्रिया थांबवा. हातमोजे घाला, क्लोरामाइन-टी ची पूड हुंगू नका.

साध्या पाण्याचा चंबू पिवळाच राहतो. ब्रोमाइडचा चंबू आधी तांबूस, मग जांभळट होत जातो. क्लोरामाइननं ब्रोमाइडकडून इलेक्ट्रॉन काढले, धन स्वभावाचा ब्रोमिन फिनॉलच्या कड्यांवर बसला आणि फिनॉल रेडचं ब्रोमोफिनॉल ब्लू झालं. मागच्या वर्षी वीज नसताना आम्ही हा प्रयोग खिडकीच्या उजेडात पांढऱ्या कागदावर चंबू ठेवून केला. वीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही, आणि रंग चढताना एक पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम, हे तर कागदावरचंच दिसून राह्यलं." ब्रोमोपेरॉक्सिडेज मोजण्यासाठी प्रयोगशाळांत याच रंगबदलाची चाचणी वापरतात, फक्त तिथं क्लोरामाइनच्या जागी विकर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असतं.

पेरॉक्सिडेजची दोन घरं

हीमवाल्या क्लोरोपेरॉक्सिडेजचं नमुना विकर कॅल्डॅरिओमायसिस फ्युमॅगो या बुरशीतलं. हीमच्या लोहाला खालून सिस्टेइनचा गंधक धरतो. पेरॉक्साइड आलं की लोहावर ऑक्सिजन उरतो आणि लोह चौथ्या ऑक्सिडीकरण अवस्थेत जातं. पोर्फिरिनचं कडंही एक इलेक्ट्रॉन गमावतं. या अवस्थेला कंपाउंड एक म्हणतात. क्लोराइड त्या ऑक्सिजनवर हल्ला करतं आणि हायपोक्लोरस आम्ल सुटतं. इथं नेमका कार्बन निवडणारा बोगदा नाही, म्हणून निवड ढिली असते.

आपल्या अंगातही हे घर आहे. फोडातल्या पुवाला हिरवट झाक असते, ती पांढऱ्या पेशींतल्या मायलोपेरॉक्सिडेजच्या हीमची. जंतू मारण्यासाठी त्या पेशी हायपोक्लोरस आम्ल बनवतात. थायरॉइडमधलं पेरॉक्सिडेज थायरोग्लोब्युलिनच्या टायरोसिनवर आयोडिन बसवतं, आणि त्यातून चार आयोडिनचं थायरॉक्सिन तयार होतं. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडिन असावं असा नियम आहे तो या विकराला कच्चा माल मिळावा म्हणून.

व्हॅनेडियमचं घर मात्र वेगळ्या तत्त्वावर चालतं, आणि इथली चूक मी चांगल्या विद्यार्थ्यांच्या वहीतही पाहते. धातू आला म्हणून मुलं त्याची संयुजा बदलतात. व्हॅनेडियम पाचव्या अवस्थेत असतं आणि पूर्ण क्रियेत पाचव्याच अवस्थेत राहतं. एका हिस्टिडिननं धरलेलं व्हॅनेडेट पेरॉक्साइडला बाजूनं धरतं आणि लुइस आम्ल म्हणून त्याचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतं. तसा ताणलेला पेरॉक्साइडचा बंध क्लोराइडला किंवा ब्रोमाइडला सहज तोडता येतो. ॲस्कोफायलम या समुद्री शेवाळातलं ब्रोमोपेरॉक्सिडेज आणि कर्व्ह्युलेरिया बुरशीतलं क्लोरोपेरॉक्सिडेज ही याची ठळक उदाहरणं. व्हॅनेडेट दिसायला फॉस्फेटसारखं, आणि या विकरांची सक्रिय जागाही आम्ल फॉस्फेटेजच्या एका कुळाशी जुळते.

लोहाचं घर

एसवायआरबी२ हे विकर स्युडोमोनास सिरिंजी या जिवाणूतलं. ते थ्रिओनिनच्या टोकाच्या मिथिलवर क्लोरिन बसवतं. २-एफ-सी-टी चं चित्र उघडा आणि लोहाभोवतीचे हात मोजा. याच कुळातल्या हायड्रॉक्सिलेज विकरांत लोहाला दोन हिस्टिडिन आणि एक कार्बॉक्सिलेट धरतात. इथं कार्बॉक्सिलेट असायला हवं त्या ११८ व्या जागी ॲलनिन आहे. ॲलनिनला धरायला हातच नाही. ती जागा मोकळी राहते आणि तिथं क्लोराइड थेट लोहावर जाऊन बसतं. एका अमिनो आम्लाची जागा रिकामी ठेवून निसर्गानं हॅलोजनला खुर्ची दिली. २००६ साली ही रचना प्रसिद्ध झाली तेव्हा हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

क्रम असा: ऑक्सिजन येतो, अल्फा-कीटोग्लुटारेट तुटून सक्सिनेट आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि लोह चौथ्या अवस्थेत जाऊन ऑक्सिजनला दुहेरी बंधानं धरतं. हा ऑक्सिजन मिथिलचा हायड्रोजन ओढतो. कार्बनवर एकटा इलेक्ट्रॉन उरतो. आता लोहावर दोन उमेदवार आहेत, हायड्रॉक्सिल आणि क्लोरिन. कार्बन क्लोरिन घेतो. इथं अर्ध्या डोक्याचे बाण काढा, पूर्ण डोक्याचे काढले तर यंत्रणाच बदलते.

क्लोरिनच का? कारण थ्रिओनिन मोकळं येत नाही. ते एसवायआरबी१ या वाहक प्रथिनाला लांब दोरीनं बांधलेलं असतं आणि त्या दोरीच्या मापामुळे मिथिल ऑक्सिजनपासून जरा दूर, क्लोरिनच्या जवळ थांबतं. थ्रिओनिनच्या जागी एका कार्बननं लांब नॉरव्हॅलिन दिलं, तर टोकाचा कार्बन पुढं सरकतो आणि हायड्रॉक्सिल बसण्याचं प्रमाण वाढतं. आणि ॲलनिन ११८ काढून तिथं ॲस्पार्टेट परत घातलं तर? सरळ हायड्रॉक्सिलेज मिळेल असं वाटतं, पण ते विकर दोन्ही कामं करेनासं होतं. एक खुर्ची बदलली म्हणजे सगळं घर बदलत नाही.

फ्लोराइडचं घर

आमच्या वर्गात झरी जामणीच्या बाजूनं एसटीनं येणारी एक मुलगी आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला एक मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं, असं भारतीय मानक सांगतं. तिच्या गावातल्या लहान मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. तिनं विचारलं, "मॅडम, आमच्या पाण्यात एवढं फ्लोराइड हाये, तर जिवाणू ते का नाही वापरत?"

उत्तर दुसऱ्या पायरीत आहे. फ्लोराइडकडून इलेक्ट्रॉन काढता येत नाहीत, म्हणून पेरॉक्साइड आणि ऑक्सिजनची सगळी घरं त्याला बंद. शिवाय लहान आकारामुळे पाणी त्याला इतकं घट्ट चिकटतं की तो कुणावर हल्ला करायला मोकळाच होत नाही. एक वाट उरते, पाणी सोलून काढायची. स्ट्रेप्टोमायसिस कॅटलिया या मातीतल्या जिवाणूत तसं करणारं फ्लोरिनेज २००२ साली सापडलं आणि दोन वर्षांनी त्याची रचना मिळाली. फ्लोराइड खिशात शिरतं, पाण्याऐवजी सेरिन १५८ चे हायड्रोजन बंध त्याला धरतात, आणि तिथून ते एस-ॲडिनोसिल मिथिओनिनच्या पाचव्या शर्करा-कार्बनवर मागून हल्ला करतं. मिथिओनिन समोरून निघून जातं. हा एसएन२, म्हणजे एकानं मागून बसायचं आणि त्याच वेळी दुसऱ्यानं समोरून निघायचं, म्हणून कार्बनची मांडणी उलटते. काम फार संथ, मिनिटाला एक फेरीही होत नाही. पुढं त्यातून फ्लोरोॲसिटेट आणि ४-फ्लोरोथ्रिओनिन बनतात. फ्लोरोॲसिटेट जहाल विष आहे. पेशीत ते फ्लोरोसायट्रेट होऊन ॲकॉनिटेज अडवतं. तिच्या गावच्या पाण्यावर हा उपाय नाही, तिथं गाळणी संयंत्र किंवा दुसरा स्रोतच लागतो, हेही मी तिला त्याच तासाला सांगितलं.

सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका या समुद्री जिवाणूतलं एसएएलएल हे विकर हीच क्रिया क्लोराइडनं करतं. प्रश्नात धातू नाही, फ्लेविन नाही, ऑक्सिजन नाही आणि तरी क्लोरिन बसलाय असं दिसलं, तर हे नाव आठवा.

अनोळखी क्रम हाती आला तर

फक्त अमिनो आम्लांची साखळी दिली असेल तर तीन खुणा शोधा. सुरुवातीच्या भागात जी-एक्स-जी-एक्स-एक्स-जी आणि पुढं डब्ल्यू-एक्स-डब्ल्यू-एक्स-आय-पी दोन्ही असतील, तर फ्लेविनचं हॅलोजनेज. लोहाच्या कुळात एच-एक्स-डी किंवा एच-एक्स-ई अपेक्षित असताना त्या जागी एच-एक्स-ए किंवा एच-एक्स-जी असेल, तर लोहाचं हॅलोजनेज असण्याची शक्यता मोठी. ही अक्षरं म्हणजे अमिनो आम्लांची एकाक्षरी नावं, आणि एक्स म्हणजे कुठलंही अमिनो आम्ल. अल्फाफोल्डच्या, म्हणजे संगणकानं भाकीत केलेल्या प्रथिन रचनांच्या संग्रहातलं चित्र पाहत असाल तर त्यात एफएडी, लोह, क्लोराइड दिसत नाही. मुलं "सहविकर नाही" असं लिहून मोकळी होतात. तिथं रिकामा खिसा दिसतो, तो कुणाचा हे खुणांवरून ओळखायचं.

उत्तरपत्रिकेत

बाण काढून झाले की खाली पूर्ण समीकरण लिहा आणि अणू मोजा. फ्लेविनसाठी: ट्रिप्टोफॅन, क्लोराइड, एफएडीएच२, ऑक्सिजन आणि एक प्रोटॉन डावीकडे, क्लोरोट्रिप्टोफॅन, एफएडी आणि पाण्याचे दोन रेणू उजवीकडे. पेरॉक्सिडेजसाठी सबस्ट्रेट, क्लोराइड, पेरॉक्साइड, एक प्रोटॉन. उजवीकडे पुन्हा दोन पाणी. लोहासाठी सबस्ट्रेट, क्लोराइड, अल्फा-कीटोग्लुटारेट, ऑक्सिजन, एक प्रोटॉन; उजवीकडे क्लोरिनयुक्त रेणू, सक्सिनेट, कार्बन डायऑक्साइड आणि एकच पाणी, कारण ऑक्सिजनचा दुसरा अणू सक्सिनेटमध्ये गेलेला असतो. पाणी दोन लिहिलं असेल तर मागं जाऊन तो अणू शोधा. फ्लोरिनेजच्या समीकरणात पाणी येतच नाही: डावीकडे फ्लोराइड आणि एस-ॲडिनोसिल मिथिओनिन, उजवीकडे फ्लोरोडीऑक्सिॲडिनोसिन आणि मिथिओनिन.